घरीं बांधलेली शिडाची होडी

अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याचा कोळीवाडा आहे. अशा किनाऱ्यावर लहान होडी बांधावयास पूर्वीं गोदी लागत नसे. भरतीच्या रेषेवरची सपाट वाळू आणि माडांची सावली एवढें पुरत असे. सुतार तळाचा कणा मांडी, नाळ उभी करी, फासळ्या बसवी. कागदावर एक रेघहि नसे. लांबी हातानें मोजावयाची आणि पोटाचा फुगवटा डोळ्यानें जोखावयाचा. सामान्य गृहस्थानें आपल्या अंगणांत शिडाची होडी स्वतः बांधावी, ही कल्पना आज परदेशांतून आल्यासारखी वाटते. परंतु तिचें मूळ शोधूं जातां तें बरेंचसें याच किनाऱ्यावर सांपडतें.

होडी बांधण्यांत खरी अडचण एकच. लांकूड तासतां येतें, वांकवितां येतें. पण दोन फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊं नये, हें कसें साधावें? नवखा येथेंच हरतो. पश्चिम किनाऱ्यावरील सुतारांनीं फळीच्या कडेस खांच व दुसरीच्या कडेस तींत बसणारी जीभ ठेवून, मध्यें राळ व कापूस घालून, यावर उपाय काढला होता. सुरतेची सुतारविद्या घेऊन लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास मुंबईस आले, आणि १७५० सालीं येथील सुकी गोदी तयार झाली.

मोठ्या जहाजास मात्र कागदावांचून चालेना. ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे आराखडे घेऊन मुंबईकडे निघालेलें ‘जावा’ जहाज १८१२ सालीं अमेरिकन नौकेशीं झालेल्या लढाईंत नष्ट झालें. तेव्हां इंग्लंडहून दुसरे आराखडे मागवावे लागले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलेली ती सागवानी नौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे.

एकट्या माणसाच्या हातून काय होऊं शकतें, याचा दाखला कॅप्टन जोशुआ स्लोकम यानें घालून दिला. तो मुरलेला दर्यावर्दी होता खरा. पण १८९२ सालीं मित्रानें त्यास दिलेली ‘स्प्रे’ ही नौका म्हणजे शेतांत पडलेला सांगाडा होता. ओकचीं झाडें तोडून, १३ महिने खपून, ५५३ डॉलर खर्चांत त्यानें ती नव्यानें उभारली आणि १८९५ ते १८९८ या काळांत एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली.

ज्यांना सुतारकी येत नाहीं, त्यांच्यासाठीं १९६३ सालीं इंग्लंडांत ‘मिरर’ नांवाची सुमारें ११ फुटी होडी निघाली. जॅक होल्ट व बॅरी बकनेल हे तिचे कर्ते. प्लायवुडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेनें शिवावयाचे आणि सांध्यांवर कांचतंतूची पट्टी राळेनें चिकटवावयाची, एवढीच युक्ति. अशा ७० हजारांवर होड्या झाल्या. कित्येक घराच्या पडवींत बांधल्या गेल्या.

या नव्या युक्तींत नवें किती? फळ्या शिवणें ही तर अरबी समुद्राची जुनी रीत. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें होर्मुझ येथें काथ्यानें शिवलेलीं जहाजें पाहिलीं आणि तीं धोक्याचीं ठरविलीं. त्याच रीतीनें, अजिंठ्याच्या चित्रावरून, २०२५ सालीं गोव्यांत ‘कौंडिण्य’ हें जहाज बांधण्यांत आलें व तें भारतीय नौदलांत दाखल झालें. मात्र त्यासाठीं फळ्या शिवूं जाणणारे कारागीर केरळांतून आणावे लागले.

वेसाव्यास आज इंजिनाच्या नौका आहेत. शीड व परबाण हे शब्द मुलांच्या कानांवर क्वचित् पडतात. इंजिनानें कष्ट वांचले, याचें दुःख कोणी करूं नये. परंतु डोळ्यानें जोखण्याची विद्या कोणीं लिहून ठेवलेली नाहीं. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे बुडाले, तेव्हां दुसरी प्रत मागवितां आली. वृद्ध सुताराच्या हातांतील विद्येची दुसरी प्रत नसते. ती त्याच्या शेजारीं बसून, हातांत रंधा घेऊनच उतरवून घ्यावी लागते. उपनगरांतील एखाद्या हौशी गृहस्थानें सुटीच्या दिवशीं आठ फुटी होडी बांधावयास घेतली, तर तिच्याबरोबर हेंहि काम त्याच्या हातून घडेल.