तळटीप ७ : जेरल्ड डरेल
७. जेरल्ड डरेल (१९२५–१९९५) : जन्म जमशेदपूरचा. इंजिनिअर वडील १९२८ साली वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेले. शाळेत डरेल फारसे टिकले नाहीत, हे खरेच. पण खरी शाळा भरली ती ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर (१९३५–३९). थिओडोर स्टेफानिडीस या डॉक्टर आणि निसर्गअभ्यासकाने तिथे त्यांच्या निरीक्षणाला शिस्त लावली. साप-विंचू घरात आणण्याची खोड मात्र त्यांची स्वतःची! १९४५ मध्ये ते व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयात शिकाऊ म्हणून लागले. पुढे वारसाहक्काने आलेल्या पैशांतून त्यांनी कॅमेरूनची मोहीम काढली आणि इतर संग्रहालयांसाठी प्राणी पकडून आणले. नामशेष होऊ घातलेल्या जातींची पैदास हेच प्राणिसंग्रहालयाचे मुख्य काम, असे त्यांचे मत बनले. १९५९ साली जर्सी बेटावर त्यांनी स्वतःचेच संग्रहालय उघडले. मॉरिशसच्या गुलाबी कबुतरांची पैदास पुढे तिथे झाली. ‘द अमॅच्युअर नॅचरलिस्ट’सारख्या दूरचित्रवाणी मालिकांमुळे ते घरोघरी पोहोचले. तरी त्यांना ‘टीव्हीवरचे प्राणीवाले’ म्हणणे अन्यायाचे आहे. कारण संग्रहालयाचा खर्च बराचसा त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या कमाईवर चालला. – संपा.