मराठा सुतार

‘मराठा सुतार’ हे नाव ऐकल्याबरोबर शेजारच्या नानांनी विचारलं, ‘‘कुठल्या गावचे?’’

‘‘पक्षी आहे नाना.’’

‘‘असेना का! गाव असेलच की.’’

नानांचं अगदीच चुकलं नव्हतं. पिवळ्या कपाळाच्या या काळ्यापांढऱ्या सुतारपक्ष्याला १८०१ साली जॉन लॅथम नावाच्या इंग्रज डॉक्टरानं शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘मराट्टेन्सिस’ म्हणून आपला मुलूखच घातलाय. पुढे दोनच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आमच्याच जालना जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. मुलूख गेला, आमच्या खात्यावर पक्षी तेवढा शिल्लक राहिला. तो तरी फोटोत धरून ठेवावा, असं मला वाटलं.

यात मी पहिला नव्हे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला आणि १८९५ साली अशा फोटोंचं आख्खं पुस्तकच छापलं. पाखरं बुजू नयेत म्हणून हे लोक पोकळ बैलाच्या कातड्यात शिरून बसत. (आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी कुणी असं केलं असतं तर पुरणपोळी तरी मिळाली असती.) घरट्याचाच हट्ट का, तर त्या काळच्या कॅमेऱ्याला उडत्या पाखरामागे धावणं जमत नसे. पाखरू नेमकं कुठं येऊन बसणार, हे घरट्यापाशीच आधी ठाऊक असतं. आपल्याकडे ई. एच. एन. लोथर या रेल्वेतल्या साहेबानं नोकरी सांभाळून हाच उद्योग केला. त्याचं पुस्तक १९४९ साली निघालं. नोकरी सांभाळून, हे वाचल्यावर बँकेतल्या कारकुनाला धीर आला.

घाणेवाडीच्या बाजूला एका बाभळीच्या वाळक्या फांदीत ढोली सापडली. गोल भोक, आत पिलांची चिरचिर. पंचाईत एकच. शेजारची एक हिरवी डहाळी भोकावर सावली धरून होती. जुने फोटोग्राफर उजेडासाठी फांद्या बाजूला करत, हे मी वाचलं होतं. जाणते लोक फांदी तोडत नसत, मागे बांधून ठेवत आणि काम झालं की सोडत, हे पुढच्या पानावर असावं. मी डहाळी मोडली.

मग बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. नर समोरच्या झाडावर येई, भोकाकडे बघे आणि परत जाई. मार्चचं ऊन सरळ भोकावर आलं होतं. आतली चिरचिर आधी वाढली, मग कमी होत गेली, आणि वरच्या फांदीवर एक कावळा येऊन बसला. बँकेत कॅश जुळत नाही तेव्हा पोटात जसा गोळा येतो, तसा आला. मोडलेली डहाळी उचलली, डब्याच्या पिशवीची सुतळी सोडली आणि काटे खात ती पुन्हा जागेवर बांधली. कावळ्याला हाकललं आणि लांब बांधावर जाऊन उताणा पडलो. अर्ध्या तासानं मादी आली, चोचीत मुंग्या घेऊन. मग नर. लांबूनच दोन फोटो काढले आणि घरी आलो.

फोटो अंधारे. स्टुडिओतला मुलगा म्हणाला, ‘‘काका, कॉम्प्युटरवर सुधारतो.’’ आभाळ निळं झालं, ढोली उजळली, सुतळी नाहीशी झाली. मुलगा लग्नाच्या फोटोंतला तयार. नराच्या डोक्यामागचा लाल ठिपका त्याला फार आवडला, म्हणून मादीलाही लावला. ‘‘मॅचिंग!’’

आता या जातीत नर-मादी ओळखायची ती या ठिपक्यावरूनच. मादीला तो नसतो. हिनं दोन्ही फोटो शेजारी धरले आणि म्हणाली, ‘‘अहो, दोन्ही बापच दिसतात. मग पिलांना भरवलं कुणी?’’

परत गेलो. ‘‘होतं तसं कर बाबा. उजेड वाढव हवा तर. बाकी सगळं परत घाल.’’

‘‘सुतळीपण?’’

‘‘सुतळी आधी.’’

फोटो बैठकीत लावलाय. नाना रोज चष्मा वर करून बघतात आणि म्हणतात, गाठ जरा ढिलीच बसलीय.