चेल्सी हॉटेल, खोली क्रमांक १००

१२ ऑक्टोबर १९७८ रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात नॅन्सी स्पंजन मृतावस्थेत सापडली. ती जेमतेम वीस वर्षांची होती. तिचा प्रियकर सिड व्हिशस हा 'सेक्स पिस्टल्स' या ब्रिटिश पंक बँडचा बेस गिटारवादक. त्याला त्याच दिवशी अटक झाली आणि चार महिन्यांच्या आत तोही गेला. जगाने या दोघांची प्रेमकथा करून टाकली. टी-शर्टवर छापली, पडद्यावर आणली. पण त्या रात्रीचे तास क्रमाने मांडले की त्या प्रेमकथेत काही राम उरत नाही.

जानेवारी १९७८
सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर बँड फुटला. सिडला हेरॉइनचं व्यसन होतं, नॅन्सीलाही. ती फिलाडेल्फियाची. लहानपणापासून मानसिक आजाराने पछाडलेली. पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलेलं. सिड तिला मारायचा. मारहाणीच्या खुणा घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी पाहिल्या होत्या.

ऑगस्ट-सप्टेंबर
दोघं मॅनहॅटनमध्ये, पश्चिम तेविसाव्या रस्त्यावरच्या चेल्सी हॉटेलात राहायला आली. सिडचं खरं नाव सायमन जॉन रिची. नोंदणी रिची दांपत्य म्हणून झाली. नॅन्सी त्याची मॅनेजर बनली आणि 'मॅक्सेस कॅन्सस सिटी' या क्लबात त्याचे कार्यक्रम लावू लागली. हातात पैसा येत होता आणि नशेत जात होता.

११ ऑक्टोबर, रात्र
खोलीत लोकांची ये-जा सुरू होती. मोठी रोख रक्कम तिथेच पडलेली असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती ठाऊक होती. सिडने ट्युइनॉल या झोपेच्या जबर औषधाच्या गोळ्या मूठभर घेतल्या. त्या रात्री हजर असलेल्यांच्या सांगण्यानुसार तो जवळजवळ बेशुद्ध पडला होता.

१२ ऑक्टोबर, मध्यरात्रीनंतर
नशेचा माल पुरवणारा रॉकेट्स रेडग्लेअर आला. पुढे तो सिनेमांतल्या छोट्या भूमिकांमुळे ओळखला जाऊ लागला. नॅन्सीला डायलॉडिड हे अफूवर्गातलं तीव्र वेदनाशामक हवं होतं, तेही भरपूर. तेवढं त्याच्याकडे नव्हतं. आपण पहाटे पाचच्या सुमारास निघालो आणि जाताना दुसरा एक विक्रेता हॉटेलात येताना दिसला, असं त्याने नंतर सांगितलं. काहींचा संशय रेडग्लेअरवरही होता, पण त्याच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही. २००१ मध्ये तो वारला.

पहाट
या तासांचा एकही भरवशाचा साक्षीदार नाही. नॅन्सीच्या ओटीपोटात घडीच्या चाकूचा एकच वार बसला. कोणी केला, किती वाजता, भांडणात की पैशासाठी, हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. जखम जेमतेम इंचभर रुंद होती. रक्त वाहत राहिलं.

सकाळी साडेसातच्या सुमारास
शेजारच्या खोलीतल्या रहिवाशाला बाईच्या कण्हण्याचा आवाज आला. चेल्सीत रात्री-अपरात्री आरडाओरडा नवा नव्हता. कोणी दार ठोठावलं नाही.

सकाळी दहाच्या सुमारास
स्वागतकक्षात फोन आला : शंभर नंबरमध्ये काहीतरी गडबड आहे. कर्मचारी वर गेला. नॅन्सी न्हाणीघरात बेसिनखाली पडलेली होती, अंगावर फक्त अंतर्वस्त्रं. पोलीस आले तेव्हा सिड तिथेच होता, नशेच्या अंमलात.

दुपार
त्याच्यावर दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. कधी तो म्हणे, मीच केलं. कधी, काही आठवत नाही. कधी, ती चाकूवर पडली. खोलीतली रोकड नाहीशी झाल्याचं मित्रांनी सांगितलं. इतक्या गोळ्या घेतलेला माणूस उठून वार करू शकतो का, त्या रात्री आणखी कोण आलं होतं, हे प्रश्न उभे राहिले. पण पोलिसांच्या लेखी आरोपी सापडला होता आणि त्यामुळे दुसरी शक्यता कोणी नेटाने तपासली नाही.

पुढचे चार महिने
पन्नास हजार डॉलरच्या जामिनावर सिड सुटला. काही दिवसांतच त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. डिसेंबरमध्ये एका क्लबात गायिका पॅटी स्मिथच्या भावावर हल्ला करून तो पुन्हा रायकर्स आयलंडच्या तुरुंगात गेला. १ फेब्रुवारी १९७९ रोजी तो बाहेर आला आणि त्याच रात्री त्याने पुन्हा हेरॉइन घेतलं. दुसऱ्या दिवशी तो मृतावस्थेत सापडला. तो एकवीस वर्षांचा होता. आरोपीच राहिला नाही, त्यामुळे खटलाही उभा राहिला नाही. पोलिसांनी फाइल मिटली.

नॅन्सीच्या वाट्याला मेल्यावरही बदनामी आली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी आधीच तिला शिसारी आणणारी बाई ठरवलं होतं. तिच्या मरणावर विनोदही झाले. तिची आई डेबोरा स्पंजन यांनी १९८३ मध्ये मुलीवर पुस्तक लिहिलं आणि खून झालेल्यांच्या कुटुंबीयांना आधार देण्याच्या कामाला स्वतःला वाहून घेतलं. मुलीच्या बाजूने इतक्या निष्ठेने उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं.

ज्या नात्यात मार आहे आणि नशा आहे, त्याला झपाटलेलं प्रेम म्हणून गौरवू नये. मारहाणीच्या खुणा दिसत होत्या, कण्हणं ऐकू आलं होतं आणि खोलीत काय चालतं हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहीत होतं. त्या सकाळी एक दार ठोठावलं गेलं असतं तर ती वाचली असती की नाही, सांगता येत नाही. पण ते ठोठावायला हवं होतं. तुमच्या शेजारून असा आवाज आला तर 'त्यांचं आपसातलं आहे' म्हणून गप्प बसू नका. दार वाजवा, ११२ ला फोन करा. व्यसनात अडकलेल्या माणसासाठी १४४४६ ही सरकारी मदतवाहिनी आहे. तो क्रमांक आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.