ओडाफा गेला तेव्हा: एक ट्रान्सफर आणि तोंडवलीच्या पडवीतलं भांडण

मागे जो घूं-घूं आवाज येतोय तो माइकचा दोष नाही, समुद्र आहे. आजचा भाग मी तोंडवलीत, आमच्या घरच्या पडवीत बसून रेकॉर्ड करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मालवणच्या उत्तरेला एक चिंचोळी वाळूची पट्टी आहे, एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी, टोकाला तळाशील. तिथलं हे गाव. ओहोटीला इथे एवढी सपाट, घट्ट वाळू उघडी पडते की कुणालाही बॉल लाथाडावासा वाटेल. तरी आमच्याकडे पोरं खेळतात क्रिकेटच. फुटबॉलवाले पहिल्यापासून मूठभर.

त्या मूठभरांत मी कसा आलो, तर माझ्या चुलतभावामुळे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादा पणजीजवळच्या मालीम जेटीवर एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला आणि सुट्टीच्या दिवशी मडगावला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर मॅच बघायला जायला लागला. घरी यायचा तेव्हा काजूबरोबर गोव्याच्या फुटबॉलच्या गोष्टी आणायचा. आजचा विषय त्यातलीच एक गोष्ट. एक स्ट्रायकर क्लब सोडून गेला, आणि त्यावरून २०११ च्या पावसाळ्यात याच पडवीत असं भांडण झालं की दोन माणसं पुढे वर्षभर एकमेकांशी धड बोलली नाहीत.

स्ट्रायकरचं नाव ओडाफा ओकोली. नायजेरियाचा. क्लब चर्चिल ब्रदर्स, म्हणजे मडगावकडचा, साष्टीचा क्लब. आज आयएसएलवर वाढलेल्या तुम्हा पोरांना कदाचित पटणार नाही, पण तेव्हा भारतातला सगळ्यात भारी फुटबॉल गोव्यात खेळला जायचा. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली, आणि पहिली सहा वर्षं तिचा कप गोव्याबाहेर गेलाच नाही. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहा वर्षं, तीन क्लब, एक एवढंसं राज्य! कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, ज्यांच्या एका मॅचला आपल्या अख्ख्या मालवण तालुक्याएवढी माणसं जमतील, ते नुसते बघत बसले होते.

आणि या सगळ्यात गोल कोण मारत होतं? दोन नायजेरियन. धेंपोकडे रँटी मार्टिन्स, चर्चिलकडे ओडाफा. आय-लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत सगळ्यात जास्त गोल ओडाफाचे. पुढचे तीन हंगाम रँटीचे. त्यातही २०११-१२ मध्ये रँटीने ३२ गोल मारले, एका हंगामात. दादा म्हणायचा, रँटी कुठून येतो ते दिसत नाही आणि ओडाफा येताना दिसतो पण थांबवता येत नाही. दादाने आयुष्यात केलेलं हे एकमेव क्रीडा-समीक्षण, पण मला आजही त्यात सुधारणा सुचत नाही.

तर २०११. बातमी आली की ओडाफा चर्चिल सोडून मोहन बागानला गेला. तेव्हा भारतात कुठल्याच फुटबॉलपटूला मिळत नव्हता एवढा पैसा त्याला मिळाला, असं सगळीकडे छापून आलं. आमच्याकडे 'तरुण भारत' येतो, त्यातली बातमी मी स्वतः वाचून दाखवली. मी तेरा वर्षांचा होतो आणि मला रडायला येत होतं. गद्दार, असं मी म्हटलं. हा शब्द तेव्हाही फार स्वस्त होता.

पडवीत कोण कोण होतं? मोठे काका, म्हणजे दादाचे वडील. दादा, कारण पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि खलाशी घरी येतात. शेजारचे दोघे. बाहेर धो धो पाऊस.

दादा म्हणाला, "गद्दार कित्याक? सहा वर्सां गोल मारल्यान ना? आता थंय जास्ती मेळतत तर जातलो."

काका म्हणाले, "ज्येंनी मोठो केलो त्येंका सोडून?"

"मोठो केलो म्हणजे काय, फुकट केलो? तेनीच त्येंका मोठो केल्यान."

शेजारचे एक जण मधेच म्हणाले, "पण तो आपलो खंयचो रे? नायजेरियाचो तो. आपून गोंयचे नाय, तो गोंयचो नाय. कोणाक कोण सोडून गेलो?"

हा मुद्दा खरं तर सगळ्यात बिनतोड होता. त्यात ओडाफा गोव्यात येण्याआधी कोलकात्यातच, मोहम्मेडन स्पोर्टिंगकडून खेळलेला. म्हणजे तो गोवा सोडून कोलकात्याला गेला असं म्हणायचं की कोलकात्याला परत गेला? तुम्ही घड्याळ कुठे सुरू करता त्यावर गद्दार कोण ते ठरतं. पण पडवीत तेव्हा हे कुणी ऐकून घेतलं नाही. कारण भांडण ओडाफाबद्दल नव्हतंच. ते मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. त्याकडे येतो. आधी थोडा इतिहास.

क्लब बदलण्यावरून भांडणं आपल्या देशात नवीन नाहीत. कोलकात्यात पूर्वी दरवर्षी ट्रान्सफरचा मोसम यायचा. खेळाडूंनी आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या कचेरीत जाऊन सही करायची, मग तो त्या वर्षीचा त्या क्लबचा. आता सहीच्या दिवसापर्यंत खेळाडू फुटू नये म्हणून क्लबचे लोक त्याला चक्क लपवून ठेवायचे. कुणाच्या तरी घरी, हॉटेलात, गावाबाहेर. बाहेर समर्थकांची गर्दी, घोषणा. निवडून आलेले आमदार रिसॉर्टवर नेतात ना, तसलाच प्रकार, फक्त बंगालमध्ये फुटबॉलवाल्यांनी तो आधी केला. चिमा ओकोरी हा आणखी एक नायजेरियन, ईस्ट बंगालचा लाडका, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोहन बागानला गेला. बायचुंग भुतिया तर या दोन क्लबांत इतक्या वेळा इकडून तिकडे गेलाय की मोजताना बोटं कमी पडतील. २००९ मध्ये तो मोहन बागानमधून ईस्ट बंगालला गेला तेव्हा करार संपला की नाही हा वाद थेट फेडरेशनपर्यंत पोचला.

आणि जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण, लुईश फिगो. पोर्तुगीज, म्हणून गोव्यात त्याचे चाहते भरपूर. जुलै २००० मध्ये तो बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला. त्याच्या करारातच एक आकडा लिहिलेला होता: एवढे पैसे द्या, माणूस घेऊन जा. माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी फिगोला आणायचं वचन दिलं, निवडून आले, पैसे भरले. नोव्हेंबर २००२ मध्ये फिगो बार्सिलोनात खेळायला आला तेव्हा कॉर्नर घेताना त्याच्यावर बाटल्या पडल्या, आणि डुकराचं मुंडकंही. मैदानावर डुकराचं मुंडकं घेऊन कोण जातं, हा प्रश्न मला कायम पडतो. म्हणजे घरून निघतानाच पिशवीत घेतलं असणार.

एक कायद्याची गोष्टही सांगून टाकतो. युरोपात पूर्वी करार संपला तरी जुना क्लब पैसे मागू शकायचा. झाँ-मार्क बोसमान नावाचा एक बेल्जियन खेळाडू, फार मोठा नव्हे, याविरुद्ध कोर्टात गेला आणि डिसेंबर १९९५ मध्ये जिंकला. करार संपला की माणूस मोकळा. आज करार संपलेला खेळाडू फ्री ट्रान्सफरवर जातो ती वाट बोसमानने पाडली. त्याच्या स्वतःच्या करिअरचं मात्र वाटोळं झालं.

आता परत ओडाफाकडे, कारण पुढे जे झालं ते आम्ही पडवीत बांधलेल्या एकाही अंदाजात बसत नाही.

मोहन बागानकडे त्या वर्षी ओडाफा होता, सुनील छेत्री होता, ब्राझीलचा बारेटो होता. असं वाटलं की आता गोव्याची सद्दी संपली. आय-लीग जिंकली कुणी? धेंपोने. रँटीचे ते ३२ गोल याच हंगामातले. मग २०१२ मध्ये रँटीपण गोवा सोडून कोलकात्याला गेला, प्रयाग युनायटेडकडे. म्हणजे दोन्ही तोफा तिकडे. गोव्याकडे काय राहिलं? तर २०१२-१३ ची लीग पुन्हा गोव्यात आली, आणि जिंकली ती चर्चिल ब्रदर्सने. ओडाफाशिवाय! उत्तरार्धात छेत्री त्यांच्याकडून खेळला, पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनकडून उसना आणलेला.

ओडाफाचं त्याच हंगामात काय झालं ऐका. ९ डिसेंबर २०१२, सॉल्ट लेक स्टेडियम, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. ईस्ट बंगालने पहिला गोल केला, आणि पंचांशी हुज्जत घातली म्हणून ओडाफाला लाल कार्ड. स्टँड पेटले. दगड आले, एक दगड मोहन बागानच्याच रहीम नबीला लागला. हाफटाइमनंतर मोहन बागान मैदानात उतरलाच नाही. आधी दोन वर्षांची बंदी आली, मग ती मागे घेतली आणि दोन कोटी रुपये दंड झाला, कमावलेले सगळे गुण गेले. शंभराहून जास्त वर्षांचा क्लब आणि लीगच्या मध्यावर शून्यापासून सुरुवात. ओडाफा तीन हंगाम तिथे राहिला, एकही मोठा कप नाही. तो गेल्यावर मोहन बागानने २०१४-१५ ची लीग जिंकली.

आणि रँटी? प्रयाग हा पैसे गोळा करणारा ग्रुप होता, बंगालमध्ये ज्यांना चिट फंड म्हणतात तसला. २०१३ मध्ये शारदा ग्रुप बुडाला, लाखो गरिबांचे पैसे बुडाले, आणि या सगळ्या धंद्यावर कुऱ्हाड आली. प्रयागने क्लबमधून अंग काढलं. देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू पुढच्या हंगामात शिलाँगच्या रंगदाजीद युनायटेडकडे दिसला.

मला हे वाचल्यावर आमच्या पडवीची आठवण झाली. आम्ही निष्ठेवर भांडत होतो. पैसा कुणाचा, कुठून आला, किती दिवस टिकेल, हे एकानेही विचारलं नव्हतं. गोव्याच्या क्लबांमागे तरी काय होतं? धेंपो, साळगावकर, ही खाणीची घराणी. लोहखनिज जोरात तेव्हा फुटबॉल जोरात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. मी असं म्हणत नाही की त्यामुळेच सगळं संपलं. धेंपोंनी तर खाणी २००९ मध्येच विकल्या होत्या, आणि आयएसएल आल्यावर जुन्या क्लबांना देशाच्या फुटबॉलमध्ये जागाच उरत नव्हती. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. कुठला खेळाडू क्लब सोडून गेला यावर आम्ही घसा कोरडा केला होता. इथे क्लबच लीग सोडून गेले, आणि आमच्या पडवीत कुणी चकार शब्द काढला नाही.

आता ते भांडण. काकांची स्वतःची होडी होती, इंजिनवाली, चार माणसांची. दादाने तिच्यावर यावं अशी त्यांची इच्छा. दादा मालीमला गेला तेव्हा त्यांना वाटलं एखादा हंगाम जाईल, परत येईल. २०११ च्या त्या पावसाळ्यात दादाने घरी न सांगता दुसऱ्या एका ट्रॉलरमालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. जुन्या मालकापेक्षा जास्त. उचल घेतली म्हणजे शब्द दिला, हंगामभर बांधला गेला. काकांना हे ओडाफाच्या बातमीच्या आदल्या दिवशी कळलं होतं. मी पेपर वाचून दाखवला आणि त्या दोघांना एकदाचं भांडायला निमित्त मिळालं. "ज्येंनी मोठो केलो त्येंका सोडून" हे वाक्य काका ओडाफाला कशाला म्हणतील? ओडाफाचं नाव त्यांना नीट घेताही येत नव्हतं, ओडोफा म्हणायचे.

त्या मालकाने पुढे हंगामाचा हिशेब पूर्ण दिला नाही, बोटही विकली. दादा घरी आला तेव्हा काकांनी काही विचारलं नाही, जाळं विणायला बसवलं. होडीवर तो आजही जातो. काका आता जात नाहीत, गुडघे.

आणि मी? मी २०१९ मध्ये नोकरीला मुंबईला गेलो. लॉकडाऊनमध्ये परत आलो, तोच लॅपटॉप, तीच पडवी. २०२०-२१ चा आयएसएल हंगाम आठवतोय? सगळ्या मॅचेस गोव्यात, एकही प्रेक्षक नाही. एफसी गोवाचा कोच सर्जिओ लोबेरा मुंबई सिटीला गेला होता, त्याच्या मागोमाग बूमूस, जाहू, फॉल आणि आपला गोव्याचा मंदार राव देसाईपण. मार्चमध्ये सेमीफायनल, मुंबई विरुद्ध गोवा. दोन्ही सामने बरोबरीत, पेनल्टी सुरू. माझ्या मोबाईलवर दादा आणि मी, डोक्याला डोकं लावून.

दादाने विचारलं, "तू खंयच्या बाजून?"

मला मुंबईने पगार दिला होता आणि फुटबॉल गोव्याने. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. दादा उठून माडाखाली गेला, तिथे रेंज येते. तिथूनच ओरडला, "मुंबई जिकली!"

काका आत झोपले होते. त्यांनी आतूनच विचारलं, "कोण गेलो?"