ओमा, सार्को, कार्सिनो : एका रिपोर्टातल्या शब्दांची कुळकथा

खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘टाटा’ एवढंच सांगावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलचं हे नवी मुंबईतलं आवार. कागदोपत्री नाव ‘ॲक्ट्रेक’. १९५२ साली परळला सुरू झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये इथे, खाडीपलीकडे आली. दूरदूरहून आलेली माणसं इथे हातात फाइल धरून बसलेली असतात. फाइलीत बायॉप्सीचा रिपोर्ट आणि त्यात एखादा लांबलचक शब्द : ॲडिनोकार्सिनोमा, ऑस्टिओसार्कोमा, लिम्फोमा. ‘गाठ साधी आहे ना हो?’ असं नातेवाईक भेटेल त्याला विचारतात. उत्तराचा बराचसा भाग त्या शब्दातच लिहिलेला असतो, पण तो फोडून सांगायला कुणाला सवड नसते.

या शब्दांतलं सर्वांत जुनं घराणं खेकड्याचं. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांत न भरणाऱ्या जखमांना आणि टणक गाठींना ‘कार्किनोस’, ‘कार्किनोमा’ म्हटलेलं आहे. कार्किनोस म्हणजे खेकडा. खेकडाच का, याचा खुलासा पुढे दुसऱ्या शतकातल्या गॅलेनकडे मिळतो : स्तनातल्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्याला खेकड्याच्या फाकलेल्या पायांसारख्या दिसल्या. सूक्ष्मदर्शक नव्हता, क्ष-किरण नव्हते. गाठ कातडीपर्यंत येऊन पोचली की मगच वैद्याला दिसायची, आणि जे दिसलं त्यावरून नाव पडलं. लॅटिनमध्ये खेकड्याला ‘कॅन्सर’ म्हणतात. पहिल्या शतकात केल्ससच्या ग्रंथात हा शब्द आजारासाठी आलेला आहे. तोच खेकडा आपण मराठीत ‘कर्करोग’ म्हणून आणला. कर्क राशीतला आणि कर्कवृत्तातला कर्क तो हाच. कार्किनोस आणि संस्कृत कर्कट यांचं मूळ एकच असावं, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

शेवटी लागणारा ‘ओमा’ मात्र मुळात गाठीचा नव्हताच. ग्रीकमध्ये तो क्रियापदावरून नाम करणारा साधा प्रत्यय. वैद्यांनी तो गाठीसाठी इतक्या वेळा वापरला की हळूहळू त्याला गाठीचाच अर्थ चिकटला. जुन्या वापराच्या खुणा अजून शिल्लक आहेत. ग्लॉकोमात गाठ नसते, तो डोळ्याचा विकार आहे. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. लायपोमा ही चरबीची गाठ असते आणि ती सहसा निरुपद्रवी असते. म्हणून नुसता ‘ओमा’ दिसला की धसका घेऊ नये. पण उलटही खरं आहे : लिम्फोमा आणि मेलॅनोमा यांच्या नावात कार्सिनो नाही, सार्को नाही, तरी ते कर्करोगच आहेत. शेवटच्या दोन अक्षरांवरून साधी की वाईट हे ठरत नाही.

खरी माहिती असते ती ‘ओमा’च्या आधी. ‘ॲडेन’ म्हणजे ग्रंथी. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड. आपला ‘अस्थि’ आणि हा ऑस्टिऑन एकाच कुळातले. ‘सार्क्स’ म्हणजे मांस. एकोणिसाव्या शतकात गाठीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ लागल्यावर या जुन्या शब्दांना नेमके अर्थ मिळाले. त्वचा, ग्रंथी, पोकळ अवयवांची अस्तरं यांच्या पेशींतून उठतो तो कार्सिनोमा. हाड, स्नायू, चरबी यांतून उठतो तो सार्कोमा. हा फरक केवळ नावापुरता नाही, उपचारांची दिशा त्यावर ठरते.

इथे मला सुश्रुताचं फार अप्रूप वाटतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गाठीला ‘अर्बुद’ म्हटलंय आणि तिचं वर्णन आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडावं असं आहे : गोल, न हलणारी, कमी दुखणारी, मोठी, खोल मूळ धरलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी. न पिकणारी हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यानेच ती गळवापासून वेगळी होते. पुढे नावं बनवायची रीतही तीच, आधी शरीरातला धातू आणि मग गाठ : मांसार्बुद, मेदोर्बुद, रक्तार्बुद. ग्रीक सार्क्स आणि ओमा जोडून सार्कोमा झाला, तसंच मांस आणि अर्बुद जोडून मांसार्बुद. दोघांना एकच रोग अभिप्रेत होता असं मी म्हणणार नाही, पण बांधणी मात्र एकच. आधीच्या अर्बुदावर दुसरं उठलं तर त्यालाही सुश्रुताकडे नाव आहे : अध्यर्बुद. एका उपसर्गात एवढं सांगणारी भाषा आपल्या घरची आहे.

रक्ताच्या कर्करोगात सहसा गाठ नसते, म्हणून त्याच्या नावात ओमा नाही. ‘ल्यूकोस’ पांढरं, ‘हायमा’ रक्त. १८४७ मध्ये रुडॉल्फ फिर्खोने या दोहोंतून ल्यूकेमिया हे नाव केलं. बायॉप्सी त्यामानाने अलीकडची : ‘बिऑस’ म्हणजे जीवन, ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणं, आणि हा शब्द १८७९ मध्ये फ्रेंच डॉक्टर एर्नेस्ट बेस्निएने घडवला. रिपोर्टात ज्याची सर्वांत भीती वाटते तो मेटास्टॅसिस म्हणजे स्थान बदलणं. त्यातल्या ‘स्टॅसिस’चं आणि आपल्या ‘स्थिती’चं मूळ एकच. कर्करोगाच्या पसरण्यासाठी तो शब्द रेकामिए या डॉक्टरने १८२९ मध्ये वापरला.

सगळीच नावं ग्रीकांकडून आली नाहीत. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आणि पुढे परळच्या त्या संशोधन संस्थेचे पहिले संचालक झालेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासह ‘धोती कॅन्सर’ची नोंद केली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काचाने त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग. तज्ज्ञांच्या भाषेत तोही कार्सिनोमाच, पण या नावात कारण आहे आणि कारण कळलं की तो टाळता येतो. नामकरणाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

मराठीत वैद्यक शिकवण्याची धडपड जुनी आहे. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिकवणारी वैद्यकशाळा निघाली आणि १८३२ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये राज्याचं भाषा संचालनालय झालं, त्याने परिभाषा कोश काढले. त्यांतले संस्कृत शब्द नीट घडवलेले आहेत, तरी दवाखान्यात माणसं गाठ, बायॉप्सी, केमो असंच बोलतात आणि बोलत राहतील. त्यात बिघडलं काही नाही. बिघडतं ते रिपोर्ट न उलगडताच घरी नेला जातो तेव्हा. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक पॅथॉलॉजी रिपोर्टाखाली निदानाची फोड करणारी एक ओळ मराठीत असावी. ‘हाडातून उठलेला सार्कोमा’ एवढं लिहायला अर्धी ओळ पुरते.

तोवर रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना या शब्दाचे तुकडे पाडून सांगायला सांगा : कुठल्या पेशी, कसली गाठ. आणि आजार कितव्या टप्प्यावर आहे हे वेगळं विचारा, कारण ते नावात सहसा लिहिलेलं नसतं.