ओवीपासून पोथीपर्यंत : कोल्हापूरच्या घरांतला आईचा देवधर्म

कोल्हापूर आणि भोवतालच्या खेड्यांत घरातल्या आईचा देवधर्म शेकडो वर्षे जात्याशी आणि उखळाशी बांधलेला होता. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कोल्हापुरावर तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरच्या टीकेसाठी ओवी घेतली, तेव्हा ती बायकांच्या तोंडी निदान दीडशे वर्षे मुरलेली होती. पुढे ग्रंथातल्या ओवीवर पंडितांचे संस्कार झाले. घरातली ओवी बाईकडेच राहिली आणि तिच्यात देवाच्या जोडीने सासर, माहेर, लेकरू आणि चूल येत राहिली.

दळण रोजचे होते, त्याला कारण ज्वारी. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना मोडते. म्हणून गव्हासारखे आठवड्याचे दळून ठेवण्याची सोय नव्हती. कोंबडा आरवायच्या आधी उठायचे, जात्याभोवतीची जागा झाडून घ्यायची, मूठमूठ दाणे वैरायचे आणि खुंटा धरून ओढायला लागायचे. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी मारून घ्यावी लागे. सासूसुना किंवा जावाजावा समोरासमोर बसल्या तर ओझे निम्मे होई. हा वेळ दळणाऱ्या बायकांचा स्वतःचा होता, कारण बाकीचे घर झोपलेले असे. पहिल्या ओव्या देवांना जात. कुणाच्या घरी जोतिबाला, कुणाच्या घरी अंबाबाईला, वारकऱ्यांच्या घरी विठ्ठलाला. मग आईबाप, भाऊ, पाळण्यातले तान्हे, आणि जे कुणाला बोलून दाखवता येत नाही ते. या कष्टाचे आज कौतुक होते ते दळावे न लागलेल्या लोकांकडून. रोज दळणाऱ्या बाईने गिरणीची वाट पाहिली, यात नवल नाही.

ओव्यांमध्ये देव कुठे दूर बसलेला नसतो. तो भाऊ असतो, बाप असतो, नाहीतर रखुमाईशी भांडलेला नवरा असतो. कोल्हापूरचे सणवार पाहिले तर हीच दृष्टी शहराच्या दैवतकथांतही दिसते. त्यांतली एक कथा रुसव्याची आहे. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने देवांना शेळ्यामेंढ्यांची रूपे दिली, त्र्यंबोलीने त्यांना सोडवले आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचे राहून गेले. ती रागावून गावाबाहेर पूर्वेच्या टेकडीवर करवीराकडे, म्हणजे कोल्हापूरकडे, पाठ करून बसली. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिचा रुसवा काढायला टेकडीवर जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. मिळालेला तुकडा घरी आणणे शुभ मानतात. मानपानात एखादी राहून गेली तर काय होते, हे कोणत्याही लग्नघरातल्या आईला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच त्र्यंबोलीला, गावच्या भाषेत टेंबलाईला, आषाढात नवे पाणी वाहतात. पावसाने पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून, गल्लीगल्लीतून घागरी निघतात. सजवलेली घागर मुलींच्या आणि सवाशिणींच्या डोक्यावर, पुढे ‘पी ढबाक’ वाद्ये आणि शेवटी टेकडीवर देवीच्या पायरीशी पाणी ओतायचे. त्यानंतर नैवेद्य, तो अनेक घरांत मटणाचा. नदीचे गढूळ पाणी, पटकीसारखे साथीचे रोग आणि लहान लेकरे यांचा पावसाळ्यात एकमेकांशी काय संबंध असतो, हे जंतूंचे शास्त्र येण्याआधीही बायकांना ठाऊक होते, कारण आजारी मुलाच्या उशाशी बसणे त्यांच्याकडे असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले आणि पुढे घरोघरी नळ आले. रोजच्या पाण्यासाठी नदीवर जाणे थांबले, पण आषाढातले जाणे थांबले नाही.

भाद्रपदात गौर येते ती माहेरवाशीण म्हणून. पाणवठ्यावरून कळशी आणि तेरड्याचे डहाळे आणायचे, उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पावलांवरून घरात घ्यायचे. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य. लांबून चालून दमून आलेल्या लेकीला आधी साधे जेवण द्यावे, पुरणपोळी दुसऱ्या दिवशी, असा त्यामागचा हिशेब. कोल्हापूर भागात तिच्या मागोमाग शंकरोबाही येतो. जावई बायकोला न्यायला आला म्हटल्यावर त्याची सरबराई ओघाने आलीच. रात्री झिम्मा-फुगडी होते. सासरी तोंड मिटून असलेल्या सुनेला या गाण्यांत सासूची नक्कल करण्याचीही मुभा असे.

माघातल्या रविवारी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या दर्शनाला अनवाणी चालत जाण्याचे पाच खेटे आहेत, त्यांनाही अशीच कथा जोडलेली आहे : मोहीम संपवून निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई करवीराहून चालत गेली. निघालेल्या माणसाला थोपवण्याचे हे काम घरात बहुधा आईच करते.

अंबाबाई स्वतःही काही काळ घरात राहिलेली देवता आहे. मुसलमानी आक्रमणांच्या काळात मूर्ती एका पुजाऱ्याच्या घरी दडवून ठेवली होती, अशी परंपरा आहे. १७१५ मध्ये करवीरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत सिधोजी घोरपडे यांच्याकरवी तिची देवळात पुन्हा स्थापना झाली.

विसाव्या शतकात पिठाची गिरणी आधी शहरात आणि विजेबरोबर खेड्यांत पोहोचली. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना मिरची डंकावर कुटून आणण्याची रीत पडली आणि ‘मानसोल्लासा’त नोंदलेले कांडणेही यंत्राकडे गेले. जाते उरले लग्नाच्या हळदीपुरते. ओवी म्हणायला जागा राहिली नाही.

तिची जागा छापील कागदाने घेतली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. वाचता येणाऱ्या आयांची पिढी हळूहळू तयार झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मी व्रताची पोथी वाचणे घराघरांत रुळले. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागतो : नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, लेकरे खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. शुक्रवारी आई मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकते. जिवतीच्या कहाणीत त्या अक्षता दुरावलेल्या मुलाच्या डोक्यावर बरोबर जाऊन पडतात. मुंबई-पुण्याला आणि पुढे परदेशी मुले गेलेल्या घरांत या विधीला जोर आला, तो कहाणीतल्या आईची अडचण त्यांचीही झाली म्हणून. तोटाही झाला. ओवीत आई स्वतःचे शब्द जुळवत असे, पोथीत दुसऱ्याने लिहिलेले वाचते. भावावरचा राग, नवऱ्याचा जाच, मेलेले मूल यांना छापील व्रतकथेत ठरलेल्या जागेपलीकडे वाव नसतो.

ओव्या पुरत्या हरवण्याआधी त्या टिपल्या गेल्या, त्यात शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांचा वाटा मोठा. राज्याच्या लोकसाहित्य समितीद्वारे त्यांनी बायकांची गाणी, ओव्या आणि कहाण्या छापून आणल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गाणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव त्यांनी ओवीबरोबर नोंदवले. याआधीच्या बहुतेक संग्रहांत हे घडले नव्हते.

घरातला सगळा देवधर्म आईच्या हाती असला, तरी अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरायला तिला परवानगी नव्हती. खणानारळाची ओटी पुजाऱ्याच्या हाती देऊन ती बाहेर उभी राही. २०११ मध्ये काही स्त्रियांनी गाभाऱ्यात प्रवेश केला, पण वाद मिटला नाही. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याच्या आधारे, जिथे पुरुषाला जाता येते तिथे स्त्रीलाही जाता आले पाहिजे, असे स्पष्ट केले. त्याच महिन्यात कोल्हापुरात स्त्रियांनी गाभाऱ्यात जाऊन अंबाबाईचे दर्शन घेतले.