उस्तादाचा पाना आणि १९६१ चा कायदा

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, हे सर्वश्रुत आहे. अशा अवजड गाड्या दुरुस्त करणारे हात कसे घडत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ही विद्या तेव्हा मुख्यतः गॅरेजातच मिळे. पोरगा आधी रॉकेलमध्ये सुटे भाग धुई, मागितला तो पाना हाती देई. इंजिन कधी उघडायचे, ते उस्ताद ठरवी. मोबदला बहुधा जेवणापुरताच.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने लेखी करार, ठरावीक मुदत आणि विद्यावेतन आणले. एसटीच्या कार्यशाळांत शिकाऊ उमेदवार याच वाटेने येतात. पण करारासाठी शालेय पात्रता हवी. चौथीत शाळा सुटलेला, नुसत्या आवाजावरून इंजेक्टरचा दोष सांगणारा पोरगा गॅरेजातच राहिला.